मुंग्यांची रांग आणि टेकडीवरची लेंडी

मुलांनो, नीट बसा. पाय पोटाशी घ्या, कारण या गोष्टीत मुंग्या आहेत.

एका जंगलात एका अस्वलिणीला काही केल्या झोप येत नव्हती. जंगल कुठलं ते विचारू नका. अस्वलिणीचं नाव अनघा. तिची मुलगी ठकू शेजारी गाढ झोपली होती. नवरा शिरीष इतका घोरत होता की त्या गुहेतल्या वटवाघळांनी मागच्याच आठवड्यात जागा बदलली होती. सगळे झोपले होते. जागी होती ती आई. गोष्टीत तसंच असतं. गोष्टीबाहेरचं तुम्ही मोठे झालात की बघाच.

तिला झोप येत नव्हती, कारण तिने सकाळी पानं चालताना पाहिली होती.

आता हे जरा समजावून सांगते.

त्या जंगलात दवाखाना नव्हता. सुई टोचून रक्त काढायची सोय नव्हती. होत्या त्या मुंग्या. रोज सकाळी जो तो आपापल्या आडोशाला शू करून यायचा आणि थोड्या वेळाने मागे वळून बघायचा. मुंग्या आल्या नाहीत तर बरं. आल्या, तर अंगातली साखर आता बाहेर सांडायला लागली असं समजायचं. रांग जेवढी लांब तेवढी काळजी मोठी. तपासणी फुकट. शिवाय मुंगीकडे वशिला लावून रांग छोटी करून घेता येत नाही.

पण जंगल सभ्य होतं. सभ्य जंगलात मुंग्यांचा विषय काढत नाहीत. ज्याच्याकडे मुंग्या येत, तो त्यांच्यावर वाळकी पानं लोटून द्यायचा आणि पाणवठ्यावर यायचा.

"कसं काय?"

"मजेत. आमच्याकडे एक मुंगी नाही."

आणि बोलणाऱ्याच्या मागे, लांब, पानांचा एक ढीग हळूहळू सरकत असायचा.

अनघाने त्या सकाळी जो ढीग सरकताना पाहिला, तो शिरीषचा होता.

तिला लगेच सासरे आठवले. त्यांचीही पानं चालत. त्यांनीही ती कधी कोणाला दाखवली नाहीत. शेवटी शेवटी त्यांना नाकासमोरचं पोळं दिसेना. वास घेत घेत पंजा घालायचे आणि पोळ्याऐवजी गांधीलमाश्यांच्या घरट्यात घालायचे. ठकूने आजोबांना पाहिलं ते एवढंच: कोपऱ्यात बसलेलं एक मोठं अस्वल, जे तिच्याकडे तोंड करून दुसऱ्याच कोणाशी तरी बोलायचं. शिरीषचंही तसंच होणार. ठकू वाढत जाणार आणि त्याला ती दिसणारच नाही. हे एवढं एकच वाक्य अनघाच्या डोक्यात फिरत होतं, आणि ते बंद करायचं बटण अस्वलांना नसतं.

अनघा शिकलेली होती. काळजी कशी करायची ते शिकलेल्या आईला शिकवावं लागत नाही.

सकाळी ती म्हणाली, "शिरीष, तू जरा चालत जा ना रोज."

"जातो ना. पौर्णिमेपासून."

"कुठल्या?"

"येईल ती. तू लगेच उलटतपासणी नको घेऊस गं."

मुलांनो, अस्वलं पूर्वी दिवसभर चालत. वारूळ शोधायचं, उकरायचं, आतली वाळवी फुर्रकन ओढून घ्यायची. उंबरं खायची. मुळं खणायची. मध मिळायचा तो कधीतरी, झाडावर चढून, नाकावर डंख खाऊन. मग वानरांनी एक सोय काढली. गुहेतून शीळ घातली की वानर हजर, पोळं दारात. डंख वानराला, मध अस्वलाला. जंगलात प्रगती झाली. अस्वलांना वेळ मिळू लागला. त्या वेळात ती पडून राहू लागली आणि मध खाऊ लागली.

ठकूने अजून वारूळ फोडलं नव्हतं. "बाबा शिकवणार आहे," असं ती सगळ्यांना सांगायची. बाबा दोन पावलं चालला की धापा टाकायचा आणि म्हणायचा, "आज ऊन आहे." पावसाळ्यातसुद्धा.

तेवढ्यात पाणवठ्यावर बातमी आली. नाल्यापलीकडच्या टेकडीवर डॉक्टर कांडेकरांनी 'उदरोदय केंद्र' उघडलं होतं.

डॉक्टर कांडेकर म्हणजे एक उदमांजर. सडपातळ, मिशा साफ, आवाज एकदम मऊ. त्यांच्या घराण्यात पोटातून बाहेर पडलेल्या कॉफीच्या बियांना परदेशात फार भाव होता. म्हणजे असं ते स्वतः सांगत. त्यामुळे या विषयातला त्यांचा अधिकार कोणी तपासला नाही.

अनघा शिरीषला घेऊन गेली. ठकू पाठीवर होती. तिला गुहेत ठेवायचं कोणाजवळ? तुमच्या आईलाही हाच प्रश्न पडतो, तेव्हा हसू नका.

कांडेकरांनी शिरीषचं पोट एका पंजाने दाबलं. दुसऱ्या पंजाने मिशी पुसली.

"वहिनी, एक सांगू? शिरीषराव जाड नाहीत."

अनघाने शिरीषकडे पाहिलं. तो बसला होता ती शिळा दिसत नव्हती.

"नाहीत?"

"मुळीच नाहीत. पोट, साखर, दाब, चरबी अशी एक चौकडी असते. ती एकदम घरात घुसते. तिला दार कोण उघडतं? पोटातले भाडेकरू."

"कोण भाडेकरू?" शिरीष म्हणाला.

"आपल्या पोटात कोट्यवधी बारीक जीव राहतात, शिरीषराव. दिसत नाहीत. पण सगळं तेच ठरवतात. काय पचायचं, किती साखर रक्तात सोडायची, कधी भूक लागायची. तुमची वस्ती बिघडली आहे. चांगले निघून गेले, गुंड राहिले. मध तुम्ही मागत नाही. ते मागतात."

शिरीषच्या तोंडावर कित्येक महिन्यांनी तेज आलं. दोष आपला नसून भाडेकरूंचा आहे हे कळल्यावर घरमालकाला येतं, तसं.

"मी म्हणत होतो ना," तो अनघाला म्हणाला. तो काहीही म्हणत नव्हता.

"मग यावर उपाय?" अनघाने विचारलं.

"नवे भाडेकरू आणायचे. एखाद्या सुदृढ, सडपातळ प्राण्याच्या पोटातले. आमच्याकडे उत्तम दात्री आहे." कांडेकरांनी झाडीकडे पंजा केला. तिथे मालविका नावाची चितळीण उभी होती. लांब पाय, बारीक कंबर, अंगावर ठिपके, मान सारखी इकडेतिकडे. "बघा. एवढीशी चरबी नाही. रोज पहाटे धावते."

रोज पहाटे तिच्यामागे वाघ धावतो, असं अनघाच्या मनात आलं. पण ती बोलली नाही. तिला वाटलं, आपल्याला विज्ञान कळत नसेल.

मग पळसाच्या पानात गुंडाळलेली एक पुडी आली. ठकूने पाठीवरून वाकून पाहिलं.

"ही लेंडी आहे," ती म्हणाली.

"लेंडी नाही बाळ," कांडेकर म्हणाले. "ही अंतःसृष्टी आहे."

"वास लेंडीचा आहे."

"ठकू, मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही," शिरीष म्हणाला.

अनघाने घसा साफ केला. "डॉक्टर, याने खरंच फरक पडतो? म्हणजे कोणावर करून बघितलंय का?"

"सशांवर. जाड ससे घेतले, बारीक सशांच्या लेंड्या दिल्या, ससे बारीक झाले."

"आणि अस्वलांवर?"

"तेच तर आपण आता करतोय, वहिनी."

नियम एकच होता. पुडी शिळी चालत नाही. रोज सकाळी उपाशीपोटी टेकडीवर यायचं, समोर बसून घ्यायची आणि परत जायचं. मोबदला म्हणून वानरांनी खाली आपल्या वडाशी कांडेकरांसाठी एक पोळं ठेवायचं.

शिरीष रोज जाऊ लागला.

गुहेतून निघून नाला ओलांडायचा, करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढायची, टेकडी चढायची. वर पोचून डोळे मिटायचे आणि लेंडी गिळायची. मग परत टेकडी उतरायची. टेकडीवर मोठी झाडं नव्हती, म्हणून वानरं तिकडे फिरकत नसत. परत येताना पोटात आग पडलेली असायची. शीळ घालून उपयोग नाही. मग समोर वारूळ दिसलं की तो उकरायचा. उंबर दिसलं की वाकायचा. मुळं खणायचा. "लेंडीची चव घालवायला," असं तो सांगायचा.

अनघा रोज आडोशाकडे बघून यायची. पानं हळू चालू लागली. मग पानं थांबून थांबून चालू लागली. एक दिवस पानं पानांसारखी पडून राहिली.

अनघा तिथेच मटकन बसली आणि रडली. आनंदाने. मग तिला वाटलं, आपण इतके दिवस कांडेकरांवर उगाच संशय घेतला. त्याबद्दलही थोडं रडली.

शिरीषचा तर पाणवठ्यावर मान वाढला.

"विविधता," तो सांगायचा. "पोटात विविधता हवी. सगळा खेळ लेंडीचा आहे."

"आणि ते रोजचं चालणं?" एका सायाळीने विचारलं.

"ते काय, लेंडीपर्यंत पोचायला."

अनघाची शेजारीण एक हत्तीण होती. तिला अनघाने कौतुकाने हे सगळं सांगितलं. हत्तीण पान चघळत म्हणाली, "अगं, यात नवीन काय? आमचा गजू दुसऱ्या महिन्यापासून माझं शेण खातो. आमच्यात सगळीच पिल्लं खातात. त्याशिवाय झाडपाला पचत नाही." मग सोंडेने दुसरं पान तोडत, "तुझी ठकू अजून खात नाही?"

"नाही," अनघा म्हणाली.

"हं," हत्तीण म्हणाली. "असू दे. प्रत्येक मूल वेगळं असतं."

हे वाक्य कानावर पडलं की जंगलातल्या कुठल्याही आईला त्या रात्री झोप येत नाही.

(एक मिनिट थांबा, मुलांनो. बेल वाजली. आमच्या घरातले बाबा टेकडीवरून आले. पाण्याची बाटली ओट्यावर ठेवा म्हणावं, सांडू नका. आम्हा दोघींसाठी रोज आणतात, झऱ्याचं आहे. पोटाला फार चांगलं असतं म्हणे. असं कोणी सांगितलं ते आता आठवत नाही. हं, कुठे होतो आपण?)

तर केंद्र जोरात चालू लागलं. रांगा लागल्या. रानडुकरं आली, गवे आले, एक म्हातारा बिबट्या आला. तो मालविकाकडे दात्री म्हणून बघतोय की जेवण म्हणून, ते नक्की कळेना. दोन तक्रारी सगळ्यांच्याच होत्या. एक, टेकडी फार उंच आहे. दोन, चव बरी नाही.

कांडेकरांना ग्राहकांची कदर होती. त्यांनी दोन्ही तक्रारी एका दिवसात मिटवल्या.

पुडी आता वानरं घरपोच आणणार होती. आणि चवीसाठी ती मधात बुडवलेली असणार होती.

"बघ," शिरीष अनघाला म्हणाला. "याला म्हणतात सेवा."

"पण शिळी चालत नव्हती ना?"

"मधात टिकते. त्यांनी संशोधन केलंय. तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस."

शिरीष सकाळी गुहेच्या तोंडाशी पडल्या पडल्या शीळ घालू लागला. वानर पुडी आणायचं. सोबत मधाचं एक पोळं यायचं, सध्या योजना चालू होती म्हणून. शिरीष पुडी चाटायचा, पोळं संपवायचा आणि भाडेकरूंना स्थिरस्थावर व्हायला वेळ मिळावा म्हणून पुन्हा आडवा व्हायचा.

पानं चालू लागली.

पानं धावू लागली.

एका सकाळी अनघा उठली तेव्हा मुंग्यांनी आडोशापर्यंत जायचे कष्टही सोडले होते. त्या रांग लावून थेट गुहेच्या दाराशी थांबल्या होत्या, दूध केंद्रावर थांबतात तशा.

त्या दिवशी ठकू वाटेत बसली होती. शिरीष बाहेर आला आणि तिच्या शेपटीवर पाय देऊन पुढे गेला. ती ओरडली. तो म्हणाला, "अरे, तू होतीस होय? मला दगड वाटला."

तो हसला. ठकूही हसली. अनघा हसली नाही.

ती कांडेकरांकडे धावली. आता ते टेकडीवर नव्हते. धंदा वाढल्यामुळे त्यांना खाली, वानरांच्या वडाखाली मोठी जागा मिळाली होती.

"असं होतं, वहिनी," ते मऊ आवाजात म्हणाले. "जुन्या भाडेकरूंनी नव्यांना हाकललं. प्रत्येकाचंच पोट नव्यांना घर देतं असं नाही. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, काहींचा येऊन जातो."

"हे तुम्ही आधी नाही सांगितलं."

"आधी सांगितलं तर कोण घेईल? आपण दाता बदलू. मुंगुसाची पुडी आली आहे नवीन. जरा भारी पडते."

अनघा परत निघाली. खालच्या रस्त्याने न जाता ती मुद्दाम टेकडीवरून गेली, कारण तिला रडायला एकांत हवा होता. वाटेत तिने शिरीषने उकरलेली वारुळं पाहिली. एक, मग अजून एक, मग ओळीने कितीतरी. उंबराखालची जमीन तुडवलेली होती. मुळं खणलेले खड्डे होते. नाल्याच्या चिखलात त्याचे पंजे उमटलेले होते, जाताना खोल आणि येताना त्याहून जरा उथळ.

ती रडायची थांबली. मुलांनो, तुम्हाला हे केव्हाच कळलं होतं ना? अनघाला इतका वेळ लागला, कारण ती शिकलेली होती.

गुहेत येऊन ती म्हणाली, "शिरीष, लेंडीने गुण आला नव्हता. वाटेने आला होता. तू चालत होतास. वाळवी खात होतास. मध खात नव्हतास."

शिरीषने पोटावरून पंजा फिरवला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मी एवढे दिवस लेंड्या उगाच खाल्ल्या?"

या प्रश्नाला प्रेमळ उत्तर नसतं. अनघाने शोधून पाहिलं.

"तसं नाही म्हणत मी..."

"मग कसं म्हणतेस? पाणवठ्यावर मी सगळ्यांना सांगितलंय. त्या गव्याने माझ्या शब्दावर पुड्या लावल्यात. आणि तू म्हणतेस, चाल. नुसतं चाल. एवढ्या साध्या गोष्टीने साखर उतरत असती तर बाकीचे प्राणी वेडे आहेत?"

बाकीचे प्राणी काय आहेत, यावर अनघाचं एक मत होतं. ते तिने गिळलं. ते लेंडीपेक्षा कडू होतं.

तो तिच्याकडे पाठ करून झोपला. दारात मुंग्या थांबल्याच होत्या.

(मध्येच सांगते, आमची लेक गॅलरीत उभी आहे. पोह्यांसाठी कढीपत्ता तोडायला पाठवलं होतं. शेंड्याला हात पोचत नाही म्हणून स्टूल मागतेय. दोन वर्षांपूर्वी कुंडीत टाचणीएवढं रोप होतं ते. असो.)

पुढचे काही दिवस अनघाने विचार केला. आपण खरं सांगितलं ते चुकलं का? की सांगायची पद्धत चुकली? की आपण मुळात बायको म्हणूनच चुकलो? शेवटी तिने ठरवलं की चूक खरेपणाची आहे. खरं फार जवळ होतं. हाताशी होतं. फुकट होतं. ते तिने सांगितलं होतं, आणि ती काही डॉक्टर नव्हती.

मग ती एका संध्याकाळी सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "मला खात्री नाही हं, पण पाणवठ्यावर एक करकोचा आला होता."

"कुठला?"

"सैबेरियाचा."

शिरीष उठून बसला.

"तो म्हणत होता, तिकडे आता लेंडी जुनी झाली. तिकडे सगळे वारुळाच्या मातीवर आलेत. लाल टेकडीमागे एक वारूळ आहे, ते त्याला वरून उडताना दिसलं. तसं वारूळ या बाजूला दुसरं नाही म्हणे. पण जाऊ दे. तुला नाही जमायचं."

"का नाही जमायचं?"

"नियम फार कडक आहेत. दुसऱ्याने उकरलेली माती चालत नाही. स्वतःच्या नखांनी उकरायची, तिथल्या तिथे वाळवीसकट घ्यायची. रोज. आणि त्यानंतर मधाचा थेंब नाही. नवे भाडेकरू मधात बुडून मरतात."

"हे त्याने सांगितलं?"

"त्याच्याच भाषेत सांगितलं. मी आपलं जमेल तसं समजून घेतलं."

शिरीष मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटला. त्यात "सैबेरिया" एवढा एकच शब्द ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी तो उजाडायच्या आत निघाला. लाल टेकडी आधीच्या टेकडीच्या दुप्पट लांब होती. अनघाने ती उगाच निवडली नव्हती.

तो दुपारी धुळीने माखून परत आला. अनघासाठी आणि ठकूसाठी त्याने पानात बांधून थोडी मातीही आणली होती.

"तुम्हीही घ्या. आपल्या घराण्यात आहे हे. ठकूने तर लहानपणापासूनच सुरू करायला हवं."

"शिळी चालत नाही ना?" ठकू म्हणाली.

"घेऊ आम्ही, ठेव तिथे," अनघा घाईने म्हणाली.

तो झोपला की ती माती अनघा दाराशेजारच्या करवंदीच्या बुंध्याशी ओतायची. पुढे ठकू हट्टाने बाबाबरोबर जाऊ लागली. जाताना पाठीवर, येताना पायी. एक दिवस तीही धुळीने माखून आली आणि म्हणाली, "मी फोडलं. एकटीने." शिरीष मागे उभा होता. धाप लागली नव्हती. तो लेकीकडे बघत होता, आणि तो तिच्याकडेच बघतोय हे अनघाने दोनदा तपासून घेतलं.

मुंग्या आधी दारातून गेल्या. मग आडोशाच्या निम्म्या वाटेवर त्यांचा धीर सुटला. अगदी सगळ्याच गेल्या असं नाही. काही चुकार मुंग्या अजूनही येऊन बघून जातात. पण ज्या दिवशी पानं जागची हलली नाहीत, त्या रात्री अनघा झोपली. आणि म्हणे तीसुद्धा घोरली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण शिरीष पाणवठ्यावर गेला.

"लेंडी विसरा," तो गव्याला म्हणाला. "माती. लाल टेकडीची. सैबेरियात सगळे हेच घेतात."

मागच्या झुडपात दोन साफ मिशा हलल्या. आठवडाभरात वानरांच्या वडाखाली नवी पाटी लागली. 'लाल टेकडीची अस्सल माती. मधात मळलेली. घरपोच.'

त्या संध्याकाळी अनघाने ठकूला झोपवलं आणि शिरीषला म्हणाली, "ऐक ना, मला खात्री नाही हं. पण तो करकोचा आज परत आला होता. लाल टेकडीच्याही मागे म्हणे एक डोंगर आहे..."

तात्पर्य: खरं बोलावं, असं तुम्हाला शाळेत सांगतील. शाळेत बोला. पण एखाद्याचा जीव वाचवायचा असेल, तर खरं कधीही त्याच्या हातात देऊ नये. ते लांबच्या टेकडीवर नेऊन ठेवावं, त्याला एक परदेशी पाहुणा जोडावा आणि "तुला नाही जमायचं" असं म्हणून गप्प बसावं. आणि कुठलंही औषध घरपोच मिळायला लागलं, की त्यातलं औषध वाटेतच राहिलं असं समजावं.

एवढं मी मोठ्याने वाचून दाखवलं. गोष्ट कशी वाटली, असं विचारलं. समोर बाबा पोहे खात होते. टेकडी चढून आले की त्यांना पोहे दोनदा लागतात. ते म्हणाले, "छान आहे. पण नवरा जरा जास्तच भोळा दाखवलायस. इतकं कोणी फसत नाही."

आमची लेक स्टुलावरून उतरली. हातात दुसऱ्या खेपेच्या पोह्यांसाठी कढीपत्त्याची डहाळी होती. तिने आधी ओट्यावरच्या बाटलीकडे पाहिलं, मग गॅलरीतल्या कुंडीकडे, मग माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "म्हणून आपला कढीपत्ता एवढा वाढलाय का?"